जॉर्ज फर्नांडिस: युनियनवाल्यांचा जॉर्ज आणि दिल्लीतला जॉर्ज, एकच माणूस होता का?

केळीबाग:

नमस्कार मंडळी, विषय जुना आहे, आधी चर्चा झालेली असेल तर तो धागा सांगा, हा उडवून टाकला तरी चालेल.

झालं असं की गेल्या आठवड्यात आमच्याकडे भुसावळला माळा साफ करायला काढला आणि आजोबांची लाईन बॉक्स खाली आली. ज्यांच्या घरात रेल्वे नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही पत्र्याची काळी पेटी असते, ड्रायव्हर-गार्ड लोक गाडीवर जाताना बरोबर न्यायचे, वर पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं. आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. पेटीत एक फुटका कंदील, दोन चिंध्या झालेले झेंडे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कणकेच्या खळीने चिकटवलेलं पेपरातलं कात्रण. बेड्या घातलेला हात वर करून उभा असलेला जॉर्ज. कागद पार तपकिरी झालाय पण बेडीची साखळी अजून नीट दिसते.

मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथेच चूक झाली. काका पण रेल्वेतच आहेत, त्यांनी लगेच चार मेसेज टाकले, की या माणसाने लाखो लोकांना संपावर काढलं, वीस दिवसांत सगळे हात हलवत परत आले, आणि हा पुढे मंत्री झाला, कोकाकोला घालवला, सरकार पाडलं, शेवटी ज्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या त्यांच्याच बरोबर जाऊन बसला. त्यावर आत्याने लिहिलं की बाबांनी मरेपर्यंत जॉर्जबद्दल वाकडा शब्द ऐकून घेतला नाही, तू आता पेटी उघडून भांडू नकोस. मग दोन दिवस ग्रुपवर फक्त सुप्रभातचे फोटो.

माझा जन्म ९१ चा. मला जॉर्ज म्हणजे सुरकुतलेला कुर्ता घातलेले संरक्षणमंत्री एवढेच आठवतात. तर जाणकारांनी जरा सांगा ना, हा माणूस युनियनमधून तिथपर्यंत पोचला कसा, आणि काका म्हणतात तसं खरंच वाऱ्यावर सोडलं का लोकांना? भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

परळकर:

केळीबाग, धागा छान काढलात. मी त्या काळचा आहे म्हणजे अगदी पोरगा होतो, पण वडील म्युनिसिपालिटीत आणि मामा टॅक्सीवर, त्यामुळे घरात जॉर्ज हे नाव देवाच्या आधी आणि शिवीच्या नंतर यायचं.

सुरुवातीपासून सांगतो, लांबेल, सांभाळून घ्या. मूळचे मंगळूरचे, १९३० चा जन्म, कॅथलिक घर, सहा भावांत थोरले. आईला पाचव्या जॉर्ज राजाचं कौतुक म्हणून पोराचं नाव जॉर्ज, आणि हाच पोरगा पुढे समाजवादी लोहियांचा चेला झाला, नशिबाची गंमत. सोळाव्या वर्षी बंगलोरला सेमिनरीत घातलं पाद्री व्हायला. तिथे मोठे फादर लोक वरच्या टेबलावर बसून चांगलंचुंगलं खातात आणि शिकणाऱ्या पोरांना वेगळं, हे बघून डोकं फिरलं आणि बाहेर पडले. १९४९ ला मुंबई. खिशात काही नाही, चौपाटीवर बाकावर झोपायचं, मध्यरात्री पोलीस येऊन उठवणार. मग एका इंग्रजी पेपरात प्रूफरीडरची नोकरी लागली, आणि गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो भेटले. डिमेलोपण मंगळूरकडचेच. खरं शिक्षण ते तिथे झालं बघा. १९५८ ला डिमेलो गेले आणि सगळा भार या अठ्ठावीस वर्षांच्या माणसावर आला.

आता इथे एक गोष्ट लोक विसरतात. मुंबईत तेव्हा युनियन म्हटलं की गिरणी, आणि गिरणी म्हटलं की कम्युनिस्टांचा लाल बावटा, डांगे वगैरे. जॉर्ज तिथे गेलेच नाहीत फारसे. त्यांनी कोणाला धरलं? टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरं, बेस्ट, म्युनिसिपालिटीचे सफाई कामगार, गोदी. म्हणजे अशी माणसं की ज्यांनी एक दिवस हात खाली टाकला तर शहराला दुपारपर्यंत कळतं. गिरणी बंद पडली तर मालकाला कळतं हो, पण कचरा उचलला नाही तर मलबार हिलला वास येतो. बंदसम्राट हे नाव उगाच नाही पडलं.

आणि भाषा! हे मी स्वतः पाहिलंय, मामाच्या खांद्यावर बसून. टॅक्सीवाल्यांसमोर हिंदी, तिथून खाली उतरून उडपी हॉटेलातल्या पोराशी तुळू, मग आमच्या वडलांच्या लोकांशी मराठी, अगदी शुद्ध नाही पण रोखठोक. असं दहा भाषांचं प्रकरण होतं. कोणी जॉर्जसाहेब म्हणत नव्हतं, नुसतं जॉर्ज. १९६१ ला महापालिकेत निवडून आले, त्याच निवडणुकीत मृणालताई गोरेपण आल्या होत्या.

मग १९६७. दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांविरुद्ध उभे राहिले. नव्या पिढीला स. का. म्हणजे कोण ते कळणार नाही, मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणायचे, काँग्रेसचा पैसा त्यांच्या हातातून जायचा, आणि त्या वेळी ते केंद्रात रेल्वेमंत्री होते. मूळचे आपल्या कोकणातलेच, पण संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबई महाराष्ट्राला द्यायला कट्टर विरोध, तो राग मराठी माणसाच्या पोटात होताच. असा किस्सा सांगतात की पाटील म्हणाले देव आला तरी मला हरवू शकत नाही, आणि जॉर्जच्या पोरांनी भिंती रंगवल्या की देव नसेल हरवू शकत, तुम्ही हरवू शकता. शब्द हेच होते का ते सोडा, पण निकाल लागला तेव्हा मामाने टॅक्सी रात्रभर फुकट फिरवली आणि दुसऱ्या दिवशी मामीने त्याला जेवायला वाढलं नाही.

अजून एक, १९६८ ला टॅक्सीवाल्यांना कोणती बँक कर्ज देत नव्हती म्हणून बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली, तीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह झाली. मालकाची गाडी चालवणारा स्वतःच्या गाडीचा मालक झाला पाहिजे हा विचार. नुसता बंद करणारा माणूस नव्हता एवढंच म्हणायचंय. बाकी रेल्वेचं रेल्वेवाल्यांनी लिहावं.

तिरकस:

परळकर काका, आरती छान झाली, प्रसाद कुठे मिळेल?

१९७९ चं कोणी बोलणार का? यशवंतराव चव्हाणांनी मोरारजींवर अविश्वास ठराव आणला, जॉर्ज मंत्री, लोकसभेत उठून सरकारच्या बाजूने असं भाषण ठोकलं की विरोधक पण ऐकत राहिले, आणि दोन-तीन दिवसांत स्वतःच राजीनामा देऊन चरणसिंगांच्या गोटात. भाषणाची शाई तरी वाळू द्यायची. आणि भांडण कशावरून होतं? जनसंघवाल्यांनी संघाचं सदस्यत्व ठेवायचं की नाही, दुहेरी सदस्यत्व. त्यावरून सरकार पाडणाऱ्या बाजूला जाऊन बसलेला माणूस १९९८ ला भाजपच्या आघाडीचा निमंत्रक. केळीबाग, तुमच्या काकांना माझ्यातर्फे एक चहा.

रिटायर्ड_गार्ड:

थांबा जरा तिरकस, आधी ७४ होऊ दे.

मी तेव्हा मनमाडला नवीनच लागलो होतो. केळीबाग, तुमचे आजोबा फायरमन होते म्हणता म्हणून मुद्दाम लिहितो, कारण तो संप पेटला तो त्यांच्याच लोकांमुळे. इंजिनावरच्या स्टाफची ड्यूटी कशी मोजायची माहितेय का, गाडी चालतेय तोपर्यंत ड्यूटी चालू. इंग्रजांच्या वेळचा हिशोब. गाडी दहा तास लेट झाली तर दहा तास जास्त, मध्ये उतरायचं नाही, आणि फायरमन म्हणजे काय तर उभ्याने फावड्याने कोळसा टाकत राहायचं, समोर भट्टी, पाठीला वारा. घरी आलं की कॉलबॉय, म्हणजे ड्यूटीचा निरोप घेऊन येणारा पोरगा, पुन्हा दारात, वेळ रात्रीची का असेना. बारा-चौदा तास हे नेहमीचं होतं, त्याच्या वरचं कोणी बोलून दाखवायचं नाही इतकं नेहमीचं. ७३ ला लोको रनिंगवाल्यांनी मान्यताप्राप्त युनियनना बाजूला ठेवून स्वतःच काम बंद केलं तेव्हा दहा तासांचं कबूल झालं, पण कबूल होणं आणि मिळणं यात फरक असतो.

त्याच वर्षी जॉर्ज ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. लक्षात घ्या, हा माणूस रेल्वेतला नाही, मुंबईचा, आणि ७१ ची लोकसभा हरलेला, इंदिरा लाटेत. आल्यावर पहिलं काम काय केलं तर फेब्रुवारी ७४ ला सगळ्यांना एका समितीत आणलं, कम्युनिस्ट दोन्ही प्रकारचे, कॅटेगरीवाल्या छोट्या युनियन, सगळे. फक्त काँग्रेसवाल्यांचं फेडरेशन बाहेर राहिलं. मागण्या काही चंद्र मागितला नव्हता: आठ तासांची ड्यूटी, बोनस, सरकारी कारखान्यातल्या कामगाराइतका पगार, कॅज्युअल लेबरला पर्मनंट करा, स्वस्त धान्याची दुकानं. महागाई आठवा ७३-७४ ची, ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको.

बोलणी चालू होती, रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा. आणि २ मे ला जॉर्जना लखनौला उचललं. संप ८ मे पासून जाहीर होता, म्हणजे संप सुरू व्हायच्या सहा दिवस आधी पुढारी तुरुंगात. तरी ८ तारखेला लोक उतरले, सतरा लाख म्हणतात. काका विचारतात ना वाऱ्यावर सोडलं का, तर माणूस आत होता हो, बाहेर जे काय चाललं ते अॅक्शन कमिटी आणि गावोगावचे लोक चालवत होते. मिसा, डीआयआर असले अटकेचे कायदे लावून हजारोंनी आत घातले. गाड्या चालवायला टेरिटोरियल आर्मी आणली. कॉलन्यांमध्ये पोलीस, माणूस सापडला की धरून ड्यूटीवर नेऊन बसवायचे, क्वार्टर खाली करा म्हणून धमक्या, कित्येकांची खाली केलीपण. पुरुष मंडळी शेतात, नातेवाइकांकडे, आणि घरात बाई एकटी चार पोरं घेऊन. मी स्वतः दोन गाव पलीकडे मावशीच्या गोठ्यात अकरा रात्री काढल्या, म्हशीचं शेण काढायला त्याच वेळी शिकलो.

२७ मे ला संप मागे घेतला. एकही मागणी मान्य नाही. बिनशर्त. हे कडू आहे आणि ते कडूच म्हणायचं, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. हजारो लोक कामावरून गेले ते गेलेच, तीन वर्षं. मग ७७ ला जनता सरकार आलं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि त्यांनी संपातल्या काढलेल्या लोकांना परत घेतलं. सेकंड क्लासच्या फळकुटांवर गादी आली ती पण दंडवत्यांचीच, ते सगळ्यांना माहीत असतं, हे दुसरं कमी लोकांना माहीत असतं. आणि बोनस, १९७९-८० पासून प्रॉडक्टिव्हिटी लिंक्ड बोनस सुरू झाला, तो आजतागायत दसऱ्याच्या आधी जाहीर होतो. तुमचे काका रेल्वेत आहेत म्हणालात ना, मग त्यांना विचारा दसऱ्याला काय घेतात.

परळकर:

+१. आणि ७४ ला मुंबईत टॅक्सीवाले आणि बाकीच्या युनियननीपण रेल्वेवाल्यांना साथ दिली होती, मामा तेव्हा दोन दिवस घरी बसून पत्ते खेळत होता.

केळीबाग:

गार्डकाका, फार फार आभार. आजोबा कधीच सलग बोलले नाहीत यावर, तुकड्यातुकड्यात बोलायचे. आजी म्हणते ते त्या वीस दिवसांत रावेरकडे मामांच्या केळीच्या बागेत होते, मे महिन्यात, बागेत पाणी सोडलेलं असायचं तेवढाच काय तो गारवा. माझं इथलं नाव त्यावरूनच.

कात्रणातला फोटो ७४ चाच आहे का मग? बेड्यांचा?

रिटायर्ड_गार्ड:

नाही नाही, तो आणीबाणीतला. बडोदा डायनामाईट केसचा, म्हणजे डायनामाईटने पूल-रूळ उडवायच्या कटाच्या खटल्याचा.

पाटणा_ते_पुणे:

त्या फोटोमुळेच मी या धाग्यात शिरलो. नोकरीनिमित्त बिहारात बारा वर्षं काढली, त्यातली पाच मुझफ्फरपूरला, तेव्हा माझ्याकडून दोन गोष्टी.

आणीबाणी लागली तेव्हा जॉर्ज ओडिशात गोपालपूरला होते, तिथून भूमिगत, कधी साधू कधी सरदारजी असा वेश करत वर्षभर फिरले. पूल-रूळ उडवायचा, पण माणूस मरू द्यायचा नाही, असा तो बेत होता असं त्यांच्या बाजूचे लोक सांगत. धाकटा भाऊ लॉरेन्स, त्याला बंगलोरला पोलिसांनी धरून इतकं मारलं की तो कायमचा अधू झाला. स्नेहलता रेड्डी, त्यांच्या मैत्रीण, नाटकवाल्या, दम्याची पेशंट, तुरुंगातून सुटल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. जॉर्ज सापडले १० जून ७६ ला कोलकात्यात. ७७ ची निवडणूक जाहीर झाली तेव्हा बाकीचे सुटले, हे तिहारमध्येच. मुझफ्फरपूरहून उभं केलं. मतदारसंघात पाय ठेवला नाही, तो बेड्यांचा फोटोच प्रचाराला फिरला, गावोगाव त्याला हार घालायचे, आणि तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. केस पुढे जनता सरकारने मागे घेतली.

आता माझा मुद्दा, आणि केळीबाग, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. मुंबईत जॉर्जना मत देणारा माणूस त्यांचा मेंबर होता. वर्गणी देणारा. सकाळी गेट मीटिंगला समोर उभा, चुकलं की तिथल्या तिथे कॉलर धरणार, की बाबा मागच्या वेळी काय बोललास आणि आता काय करतोयस. ७१ ला मुंबई गेली, ७७ ला मिळालं मुझफ्फरपूर, तिथे युनियन नाही, जात नाही, भाषा शिकलेली, गोतावळा शून्य. लोकांनी फोटोला मत दिलं होतं. फोटो कोणाला जाब देत नाही आणि फोटोला कोणी जाब विचारत नाही. म्हणून ७९ ला असं इकडून तिकडे जाणं त्यांना जमलं. मुंबईत टॅक्सीवाल्यांसमोर दोन दिवसांत बाजू बदलून दाखवली असती का? गाडीखाली घातलं असतं.

त्यांनी तिथे काम केलं नाही असं नाही हां. उद्योगमंत्री असताना दूरदर्शन केंद्र, कांटीचं थर्मल वीज केंद्र, लिज्जत पापडचा कारखानासुद्धा आणला, लिचीच्या गावात पापड. जुने लोक अजून काढतात नाव. पण हे सगळं वरून आणलेलं होतं, खालून बांधलेलं नाही, कार्यकर्त्यांची फळी म्हणतात ती नव्हती. मग ९४ ला लालूंपासून फुटून समता पार्टी काढली, चेहरा जॉर्जचा आणि मतं नितीशची, कुर्मी-कोयरी. ९५ ला विधानसभेत सात जागा. सात! लालूंसमोर एकट्याने टिकणार नाही हे दिसलं आणि भाजपशी युती. तत्त्व बदललं असं म्हणा, पण आकडा आधी बघा. ९६ ला स्वतःचा मतदारसंघ सोडून नालंदाला गेले, नालंदा म्हणजे नितीशचा जिल्हा. म्हणजे निवडून यायलापण दुसऱ्याची माणसं लागत होती. २००९ ला त्याच पक्षाने तिकीट नाकारलं, तब्येतीचं कारण देऊन, हे हट्टाने मुझफ्फरपूरला अपक्ष उभे राहिले आणि हरले. तेव्हा तिथे एका चहाच्या टपरीवर एक म्हातारा म्हणाला होता, उन का फोटो तो अब भी है घर में, पर वोट तो बेटा लोग देगा. मला ते वाक्य अजून आठवतं.

तिरकस:

पाटणा, हे पटलं. अर्धं.

पण मग दत्ता सामंतांचं काय? त्यांनापण ८४ ला गिरणी कामगारांनी लोकसभेत पाठवलं, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत, अपक्ष, आणि तेही संप बुडालेला असताना. ते नाही कुठे गेले. राहिले तिथेच, आणि तिथेच गोळ्या खाल्ल्या ९७ ला.

पाटणा_ते_पुणे:

बरोबर आहे, आणि म्हणून सामंत मुंबईचेच राहिले. मुंबईबाहेर त्यांना कोण मत देणार होतं. चूक कोण बरोबर कोण हे मी नाही म्हणत. एकाने मेंबर सोडले नाहीत आणि दिल्ली मिळाली नाही, दुसऱ्याला दिल्ली मिळाली.

मडगावची_मीरा:

तुम्ही सगळे बिहारात काय अडकलात, कोकण रेल्वे कोणी काढतच नाहीये! आम्हा कोकणी लोकांसाठी जॉर्ज म्हणजे ती.

माझं माहेर मडगाव, सासर रत्नागिरीजवळ. लग्न ९२ चं. पहिली पाच वर्षं माहेरी जायचं म्हणजे एसटी, कशेडीचा घाट नाही लागायचा या बाजूने पण बाकी सगळी वळणं होतीच, मांडीवर पोर, हातात लिंबू. मंगळूरचे जॉर्ज आणि राजापूरचे दंडवते, दोघांनाही हा रस्ता तोंडपाठ. दंडवत्यांनी आधी रेल्वेमंत्री असताना आपटा-रोहा मार्गाला गती दिली, पुढचं पैशावाचून अडलं. ८९ ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं तर जॉर्ज रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. असा योग पत्रिकेतपण जुळत नाही. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून करायचं तर आमची नातवंडं म्हातारी झाली असती, म्हणून वेगळं महामंडळच काढलं, जुलै ९० मध्ये, रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा ६, केरळ ६, आणि बाकीचा पैसा रोख्यांमधून बाजारातून उभा केला. श्रीधरन यांना प्रमुख नेमलं. सरकार वर्षभरातच पडलं, पण महामंडळ बनलेलं होतं, ते कोणाला पाडता आलं नाही.

२६ जानेवारी ९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, रोहा ते मंगळूर. मी त्या महिन्यात पोरांना घेऊन रत्नागिरीहून मडगावला गेले. बोगद्यात शिरलो की पोरं ओरडायची आणि बोगदे संपतच नव्हते. लिंबू पर्समध्ये तसंच राहिलं आणि वाळलं.

आता हाच माणूस ज्याने ७४ ला सगळी रेल्वे थांबवली, आणि त्याआधी एका रेल्वेमंत्र्याला पाडून लोकसभेत गेला, त्यानेच रेल्वेमंत्री होऊन नवीन लाईन टाकली. मला तरी बेइमानी दिसत नाही यात.

परळकर:

मीरा, हे फार भारी आठवलंत. स. का. रेल्वेमंत्री होते हे मी वर लिहिलं पण मला स्वतःला हे लक्षात नाही आलं.

तिरकस:

वा, शेवटी लिंबावर सगळं मिटलं. मी खलनायक आहेच तर पूर्ण करतो.

कोकाकोलाचं काका चुकतात, ते एकट्या जॉर्जने हाकललं असं नाही. फेरा कायदा ७३ चा, इंदिराबाईंचाच, परदेशी कंपनीने हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा. कंपनी फॉर्म्युला द्यायला तयार नाही, गेली. आयबीएम पण गेली. जॉर्जने फक्त कायदा ताणून धरला आणि फोटो काढून घेतला. बदल्यात सरकारी डबल सेव्हन कोला आला, ज्याने प्यायला त्याला विचारा, आणि फायदा झाला पार्ल्याच्या थम्स अपचा. उद्योगमंत्री म्हणून खरं काम विचाराल तर जिल्हा उद्योग केंद्र, ७८ पासून, ज्याच्या पायऱ्या इथले निम्मे लोक कर्जाच्या फाईल घेऊन चढलेत, त्याचं नाव कोणी घेत नाही कारण त्यात बाटली फुटत नाही.

संरक्षणमंत्री म्हणून: अणुचाचणी, कारगिल, नौदलप्रमुख विष्णू भागवतांना काढलं, ते स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. सियाचीनला वरचेवर जायचे हे मात्र मान्य, तिथल्या जवानांसाठी बर्फावरच्या स्कूटरची फाईल अडवणाऱ्या बाबूंना तिकडेच पाठवलं म्हणतात, हे मला आवडतं. कारगिलच्या जवानांसाठीच्या शवपेट्यांच्या खरेदीत घोटाळ्याचा आरोप झाला, त्यात सीबीआयला त्यांच्याविरुद्ध काही सापडलं नाही, हेही लिहितो, नाहीतर म्हणाल एकतर्फी. पण २००१ ला तहलकाचं छुप्या कॅमेऱ्याचं लाच प्रकरण, राजीनामा, आणि सात महिन्यांत परत त्याच खुर्चीत, चौकशी चालू असताना. विरोधक लोकसभेत त्यांना बोलू देत नव्हते. आणि २००२ ला गुजरातच्या दंगलींवर लोकसभेत जे बोलले ते माझ्या वडलांनी टीव्हीवर ऐकलं. वडील समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलातले. टीव्ही बंद केला आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यानंतर जॉर्जचा विषय आमच्याकडे निघाला नाही. म्हणून मी तिरकस, जन्माने नव्हे.

रिटायर्ड_गार्ड:

तिरकस, यावर मी काही बोलत नाही. ते भाषण आमच्या युनियन ऑफिसातपण लोकांना झोंबलं होतं.

फक्त एक. दिल्लीतल्या त्यांच्या बंगल्याला गेट नव्हतं, संरक्षणमंत्री असतानासुद्धा, आम्ही चौघे जण पेन्शनच्या कामाला गेलो होतो २००० साली तेव्हा सरळ आत चालत गेलो, आत ब्रह्मदेशातली निर्वासित पोरं राहत होती, कोणी विचारलं नाही कुठून आलात. कपडे स्वतः धुवायचे हे ऐकून होतो, अंगणात दोरीवर वाळत घातलेले होते, खरं. भेट पाच मिनिटं झाली. मनमाड म्हटल्यावर मराठीत बोलले. आमचं काम झालं नाही हो त्यातून काही, पण पाणी विचारलं.

केळीबाग:

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. तिरकस, तुमच्या वडलांचं वाचून जरा वेळ थांबलो.

काल आजीला हा सगळा धागा वाचून दाखवला. एनडीए वगैरेमध्ये तिला झोप लागली. ७४ ला जागी झाली. म्हणाली, एरवी रात्री दार वाजलं की कॉलबॉय, कळायचं, कडी न काढता आतूनच हो म्हणायचं. त्या दिवसांत दार वाजलं की पोलीस, आणि वाजवण्यातला फरक कळायचा. ती पंधरा दिवस रावेरला माहेरीच होती आणि बागेत डबा न्यायची तर रिकामी घागर डोक्यावर आणि डबा घागरीत, पाण्याला चाललेय असं दाखवत. आजोबांनी पहिल्या दिवशी काय विचारलं तर जॉर्ज सुटला का. तिने विचारलं कोण जॉर्ज. यावरून भांडण झालं म्हणे बागेतच, आवाज न करता.

काकांना दसऱ्याच्या बोनसचं विचारलं, गार्डकाका, तुमचं नाव न घेता. ते म्हणाले तो चरणसिंगांच्या काळात मिळाला, जॉर्जने दिला नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले पेटीला गंज धरलाय, रंगवून घे, पैसे मी देतो. तर पेटी रंगाला दिलीय, काळा ऑइलपेंट, झाकणाची आतली बाजू सोडून. कात्रणाला लॅमिनेशन करू का? कोपरे सुटायला लागलेत.

रिटायर्ड_गार्ड:

लॅमिनेशन अजिबात करू नका, उष्णतेने जुना कागद काळा पडतो. आणि ओढून काढायचा प्रयत्न करू नका, खळ लावलीय ती कागदाला घेऊन येईल. आधी आहे तसा चांगला फोटो काढून ठेवा, मग वरून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कापून चारही बाजूंनी पत्र्याला चिकटपट्टी लावा, कागदाला नाही. कणकेची खळ आहे म्हणजे कसर लागणार, पेटीत दोन-चार डांबरगोळ्या टाका.